अण्णांनी निवडलेली सफाई

“बाबा, तुम्हाला नेमकी कसली सफाई पाहिजे, ते एकदा सांगा,” दीपमाला म्हणाली.

सफाई करणाऱ्या कंपनीची ही बाई आमच्या मखमलाबादच्या घरात उभी होती. पाय कुठे ठेवावा हे तिला कळत नव्हतं. माझे वडील, गोटीराम अण्णा, तिच्याकडे न बघता आईकडे बघत होते. आई भिंतीला टेकून झेंडू ओवत होती.

“रोज तासभर येणारी बाई मिळेल. नाहीतर आठवड्याला जोडी येते. नाहीतर मग एकदाच सगळं घर धुऊन काढायचं, मशिनी लावून. आजारी माणूस असलं की मी रोजची बाई सुचवते. एकच चेहरा रोज दिसला की सवय होते.”

“रोजची नको,” अण्णा म्हणाले. “ही तिला चोर म्हणून हाकलती. आधीच्या दोघी तशाच गेल्या. तुम्ही सगळं धुऊन काढा. रविवारच्या आत.”

“अण्णा, रोजची बघू ना. सुरुवातीला मी येऊन थांबते,” मी म्हणाले.

“आशा, तुला शाळा नाय का?”

शाळेत मी कारकून आहे आणि माझ्या रजा केव्हाच संपल्यात, हे त्यांना पक्कं ठाऊक. मी दीपमालाला शनिवारची वेळ दिली.

रविवारी ज्ञानेश येणार होता. हा माझा धाकटा भाऊ पुण्यात बसून आईबापाची काळजी करतो. फोनवर काळजी करायला काय जातं? मागच्या खेपेला तो बजावून गेला होता, “पुढच्या वेळी घर असंच दिसलं तर आईला दिंडोरी रोडच्या वृद्धाश्रमात ठेवायचं. अण्णांना झेपत नाही.” मला त्याचा राग आला, पण तो खोटं बोलत नव्हता. घरभर मुंग्या होत्या आणि कुजल्या फुलांचा वास.

आईने जन्मभर आमच्या मळ्यातल्या फुलांचे हार ओवले. मळ्याचे प्लॉट पडले, पुढे आईची आठवणही गेली. बोटं तेवढी ओवायची राहिली. हातात फुलं नसली की ती उठून रस्त्याने चालू लागते, म्हणून अण्णा रोज बाजारातून झेंडू आणतात. ओवलेला हार ती दिसेल तिथे अडकवते. मोरीच्या कडीला, फ्रिजला, स्वयंपाकघराच्या दाराला. आणि देवासाठी ओवलेलं फूल घंटागाडीत टाकायचं हे अण्णांच्या रक्तातच नाही. नदीवर न्यायचं म्हणून त्यांनी पोती भरून ठेवलेली. मग गुडघे गेले आणि पोती दारामागे साचत गेली.

शनिवारी माणसं आली. सगळे सुकलेले हार काढून अण्णांनी पोती रिक्षात घातली, गोदावरीवर निर्माल्य टाकायला गेले. मी आईला घेऊन अंगणात बसले. दुपारपर्यंत फरशी आरशासारखी झाली, लिंबाचा वास सुटला. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. आता ये म्हणावं ज्ञानेशला.

अण्णा परत आले आणि आईला हात धरून आत घेऊन गेले. ती उंबऱ्याच्या आत पाऊल टाकून थबकली.

“कोणाचं घर हे?”

“आपलंच हाय की.”

ती इकडून तिकडे फिरली. सगळी दारं तिला सारखीच. मोरीच्या दारासमोरून ती दोनदा गेली, पण कडीला हार नव्हता. शेवटी त्या चकचकीत फरशीवर उभ्या उभ्याच तिचं लुगडं भिजलं. अण्णांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि मुकाट्याने फरशी पुसली. मी तिला कपडे बदलून दिले, तर तिने दुसऱ्या लुगड्याचं गाठोडं बांधलं आणि अण्णांपुढे उभी राहिली.

“भाऊ, मला घरी सोडता का? मालक वाट बघत असतील.”

पन्नास वर्षं ज्यांना मालक म्हणाली, त्यांनाच विचारत होती.

“चला, सोडतो,” अण्णा म्हणाले. गल्लीला वळसा घालून त्यांनी तिला याच दाराशी आणलं. “हे नाय,” ती म्हणाली. मी घाईघाईने नवे हार अडकवले, तर तिने एकेक काढून माझ्या हातात दिला. “असू दे, बाई. लोकाचं घर हे.”

सकाळी ज्ञानेश आला तेव्हा आई गाठोडं मांडीवर घेऊन पायरीवर बसलेली होती. त्याने सगळ्या खोल्या पाहिल्या. त्याचा चेहरा सैलावला.

“घर छान ठेवलंय, अण्णा. मी उगाच बोललो. आश्रमाचं राहू दे.”

मी अण्णांकडे पाहिलं. एवढ्यासाठीच तर सगळा आटापिटा केला होता. अण्णा रात्रभर झोपले नव्हते.

“नाय. लाव त्यांना फोन,” ते म्हणाले. “नवरा-बायको दोघांना घेतात का, विचार.”

“अण्णा, तुम्ही कशाला? तुमचं घर आहे हे.”

“तिला हे घर नाय राहिलं. मग मी इथं काय करू?”

ज्ञानेश फोन घेऊन फाटकाबाहेर गेला. अण्णांनी पिशवीत दोन सदरे घातले, चष्म्याचं घर घातलं आणि दारात आले.

आईने वर पाहिलं. “भाऊ, तुम्ही कुठं निघालात?”

“तुम्ही जाताय ना, तिकडंच.”

“मग बरं झालं,” आई म्हणाली. “सोबत झाली.”

आणि तिने गाठोडं उचलून पलीकडे ठेवलं, त्यांना बसायला जागा केली.