गिझेलाची दोन स्टुलं

"स्टुलं इथं टेकवायची नाहीत," सीमाचौकीचा लेफ्टनंट म्हणाला. "प्रेत सरळ कबरस्तानात न्या."

"नेणारच आहोत साहेब," माझी वहिनी गिझेला म्हणाली. "घरी थोडंच ठेवून घेणार?"

आणि तिनं दोन्ही हातांतली स्टुलं नदीकाठी, पडक्या पुलाच्या तोंडाशी, चिखलात घट्ट रोवली. पेटीत तिची आई होती. खांदेकऱ्यांनी एकदा लेफ्टनंटकडं पाहिलं, एकदा गिझेलाकडं, आणि पेटी स्टुलांवर ठेवली. ते दिवस असे होते की माणसं कुत्र्यालासुद्धा हळू आवाजात हाक मारायची.

आमचं ब्रोदना एकेकाळी इपेल नदीच्या दोन्ही काठांवर वसलेलं एकच गाव होतं. चर्च अलीकडं, द्राक्षमळे पलीकडं. पहिल्या महायुद्धानंतर कुणीतरी लांब बसून नदीवरून रेघ ओढली आणि पलीकडचं अर्धं गाव हंगेरीत राहिलं, म्हणजे आमच्यासाठी परदेशात गेलं. पुढं रेघ पुसली, मग पुन्हा ओढली. दरवेळी स्टेशनची पाटी नव्यानं रंगवायला तोच म्हातारा पेंटर यायचा आणि जुना रंग कधी खरवडायचा नाही. "कशाला? परत लागेल," म्हणायचा. दुसऱ्या महायुद्धात पळत्या फौजेनं पूलही उडवला. तो परत बांधावा असं कोणत्याच सरकारला वाटलं नाही.

एका गोष्टीत मात्र गावानं कधी कुणाचं ऐकलं नाही. आमच्याकडं कबरस्तानात जाण्याआधी पेटी एकदा वाटेत टेकते. तिथं चर्चचा गायक मेलेल्याच्या वतीनं निरोप गातो, एकेकाचं नाव घेऊन. येते गं अमके, सांभाळ रे तमक्या. ज्याचं नाव निघेल त्यानं ओ द्यायची. गाणं संपेपर्यंत पेटी हलवायची नाही. जो हलवील त्याच्या घरी पुढचं मरण. पूल पडल्यापासून पेटी काठावरच टेकायची, म्हणजे पलीकडच्या नातलगांनाही आपलं नाव ऐकू जाई. आणि टेकायची कुठं, हे स्टुलं जिच्या हाती तिनं ठरवायचं.

स्टुलं गिझेलाच्या वडिलांनी तुतीच्या लाकडाची केलेली. ती राहायची तिच्या स्वयंपाकघरात. एरवी आम्ही नणंद-भावजया त्यांवर बसून शेंगा सोलायचो. कुणी गेलं की गिझेला ती ओल्या फडक्यानं पुसायची आणि पेटीमागं चालू लागायची. पोल्ट्रीत बदकांची पिसं काढणारी बाई. कुणी चार शब्द बोललं तर दोन बोलणारी. ती कुणाला नाही म्हणेल असं माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

पलीकडं तिची सख्खी बहीण होती, रोझी. लढाईच्या काळात दोन्ही काठ एकाच राज्यात होते, तेव्हा लग्न होऊन पलीकडं गेली आणि तिथंच अडकली. आईला माती द्यायला येऊ द्या म्हणून तिनं अर्ज केला होता. नाही म्हणाले. पण आदल्या दिवशी चर्चची मयताची घंटा वाजली होती, आणि घंटेला परवाना लागत नाही. समोरच्या वाळुंजाच्या झाडांत काळा रुमाल बांधलेली एक बाई उभी होती. एवढ्या लांबून चेहरा दिसत नव्हता. गरजही नव्हती.

लेफ्टनंटनं दोन शिपायांना पेटी उचलायला सांगितलं. शिपाई खेड्यातलेच. एकाच्या बुटाची नाडी तेवढ्यात सुटली, दुसऱ्याला नदीत काहीतरी दिसलं. शेवटी लेफ्टनंट गायकाकडं, ब्लाझेयकाकांकडं वळला. "गा लवकर. पण पलीकडचं एकही नाव नको. सीमेवरून निरोप पोचवणं गुन्हा आहे."

ब्लाझेयकाका गायले. गिझेलाचं नाव घेतलं, तिनं ओ दिली. माझ्या भावाचं घेतलं, शेजाऱ्यांचं घेतलं. मग त्यांनी टोपी डोक्यावर चढवली.

"काका, एक नाव राहिलं," गिझेला म्हणाली.

काका बुटांकडं बघत राहिले. "पोरी, मला नातवंडं आहेत गं."

"मग गाणं संपलं नाही," ती म्हणाली, आणि स्टुलांशेजारी उभी राहिली.

कुणी हललं नाही. वारा सुटला होता. लेफ्टनंटनं पिस्तुलाच्या पट्ट्यावर हात ठेवला, काढला, परत ठेवला. तोही आईच्या पोटीच जन्मला होता. गाणं अर्धवट असताना त्या पेटीला हात लावायला तोसुद्धा पुढं होईना. मी गिझेलाची बाही ओढली. "वहिनी, चल आता. पोरं लहान आहेत तुझी."

"वन्सं, आईनं आम्हा दोघींना वाढवलं," ती म्हणाली. "एकीलाच कशी टाकून जाईल?"

आणि ती स्वतःच गायला लागली. आवाज भसाडा, सुराचा पत्ता नाही. येते गं रोझी. तुझ्या दारी यायचं राहिलं. येते गं माझे रोझी.

पलीकडून काहीच आलं नाही. ऐकू गेलं नसेल, असं मला वाटलं. गिझेला थांबून राहिली. फार वेळानं पाण्यावरून ओ आली, रडून चिरकलेली. तेव्हा गिझेलानं खांदेकऱ्यांना मान हलवली.

त्यापायी तिची पोल्ट्रीतली नोकरी गेली. वीटभट्टीवर पाठवलं तिला. स्टुलं चौकीत जप्त झाली. एका दुपारी ती तिथं गेली, मी सोबतीला. शिपाई स्टुलांवर बसून पत्ते खेळत होते.

"बसा बसा," गिझेला म्हणाली. "मेलेल्यांचीच आहेत ती."

दोघं असे उठले की पत्ते खाली सांडले. स्टुलं घेऊन आम्ही घरी आलो. वाटेत ती हसली नाही. मीच हसत होते, भीतीनं.

पुढं कितीतरी वर्षं तीच स्टुलं, तोच काठ. लेफ्टनंट बदलले, झेंडे बदलले, आमच्या देशाचे दोन देश झाले, काठावरची काटेरी तार गेली. नव्या पुलाचे नकाशे आले. तेवढ्यात रोझी गेली. तिची पेटी पलीकडच्यांनी काठावर टेकवली, आणि अलीकडून ओ दिली गिझेलानं. पूल झाला, फीत कापली, बँड वाजला. गिझेला त्यावर कधी गेली नाही. "आता कुणाकडं जाऊ, वन्सं?" म्हणायची.

गेल्या महिन्यात तीही गेली. स्टुलं मी उचलली. म्हातारी झाले, पण तुतीचं लाकूड वाळून हलकं झालं होतं. पुलापाशी नगराध्यक्ष वाट अडवून उभे.

"ज्युलियाआजी, कबरस्तान तर या बाजूला. पुलावर काय काम?"

"काम माझं नाही, तिचं आहे."

"बरं, जाऊन या. पण थांबू नका. ट्रक असतात."

"थांबणार नाही," मी म्हटलं. "टेकणार."

पुलाच्या बरोबर मध्यावर, जिथं देश बदलल्याची पांढरी रेघ मारली आहे, तिथं मी एक स्टूल रेघेच्या अलीकडं ठेवलं, एक पलीकडं. दोन्हीकडं ट्रक उभे राहिले. एकानं हॉर्न वाजवला. वाजव म्हटलं, मी पिस्तूल पाहिलेली बाई आहे. हल्ली चर्चमध्ये एक तरुण मुलगी गाते. तिनं लेकरांची, नातवांची नावं घेतली, माझं घेतलं. मी ओ दिली. मग मी तिच्या कानात आणखी एक नाव सांगितलं.

"पण आजी, त्या तर गेल्या ना?"

"तू घे."

तिनं घेतलं. येते गं रोझी.

पाण्याचा आवाज येत होता. हॉर्न थांबला होता. खांदेकरी पेटी उचलायला वाकले, तसा मी हात आडवा केला.

"जरा थांबा," मी म्हटलं. "रोझीला ओ द्यायला नेहमीच उशीर होतो."