गरम घास

अप्पांनी वाढणाऱ्या बाईच्या हातातला लांब चिमटा काढून घेतला आणि टेबलापलीकडे बसलेल्या बायकोसमोर धरला.

"तुम्ही राहू द्या हो," ते त्या बाईला म्हणाले. "आमच्याकडे हे काम ही करते. घे गं."

माईंनी मांडीवरचा हात उचलला नाही. टेबलाच्या मधोमध खळग्यात शेगडी बसवलेली होती. निखारे लाल झाले होते आणि वरून उतरलेली पितळी नळी धूर ओढून घेत होती. भोवती छोट्या छोट्या वाट्या मांडल्या होत्या. आंबवलेला लालभडक कोबी, मुळ्याच्या चकत्या, तिळाच्या तेलात कालवलेलं मीठ. रिसॉर्टमधलं हे कोरियन हॉटेल. इथं मांस टेबलावरच भाजतात आणि ते भाजून, कापून ताटात ठेवायला माणूस असतं, हे लेकानं गाडीत पुन्हा पुन्हा सांगितलं होतं.

वाढणारी बाई पन्नाशीची होती. काळा एप्रन, घट्ट बांधलेले केस.

"सर, मॅडमना बसू द्या ना. हे आमचंच काम आहे."

"अहो, हिच्या हातची चव तुम्हाला नाही जमायची. मला दुसऱ्या कुणाच्या हातचं चालतच नाही. विचारा तिला."

हे ते कौतुकानं म्हणाले. रागावून म्हणाले असते तर माईंना उत्तर सुचलं असतं.

वाढदिवसाला काय देऊ, असं लेकानं विचारलं होतं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "साडी नको, दागिना नको. एकदा मला बसवून गरम जेवायला घाल. शेवटच्या घासापर्यंत मी उठणार नाही." लेक हसला होता, पण त्यानं ऐकलं होतं. म्हणून तर हे हॉटेल शोधलं होतं.

माईंनी आता त्याच्याकडे पाहिलं. सगळं मागवून झालेलं असतानाही तो मेनूकार्डात डोकं घालून बसला होता.

"घे ना, माई," तो मान वर न करता म्हणाला. "त्यांना बरं वाटेल. एवढं काय त्यात?"

"हो. एवढं काय त्यात," माई म्हणाल्या आणि त्यांनी चिमटा घेतला.

बाई क्षणभर घुटमळली, मग कात्री टेबलावर ठेवून मागे सरकली.

पहिले काप जाळीवर पडले तसे चरचरले. माईंनी ते उलटले, कात्रीनं तुकडे केले. अप्पांना मोठी गंमत वाटली.

"कात्रीनं मांस! जन्मभर शिवणकाम केलं, पण कापड सोडून कात्री कशाला लावली नाही बुवा."

"मग अप्पा, आज तुम्हीच कापा की," लेकाशेजारी बसलेली सून म्हणाली.

"मी? मी रिटायर झालोय आता."

तिघंही खळखळून हसले. माईंनी पुढचा काप उलटला.

तुकडे जाळीवरून उठत होते आणि ताटांत जात होते. सॅलडच्या हिरव्या पानांत मांस आणि कोबी घालून गुंडाळ्या होत होत्या, तोंडं भरत होती. माईंच्या ताटात एक हिरवं पान तेवढं पडलं होतं. आचेनं ते कडेला सुकायला लागलं होतं.

टक टक.

अप्पांची अंगठी ग्लासावर वाजली. घरीही ते हाक मारत नसत. ताट रिकामं झालं, पाणी संपलं, मीठ हवं असलं, की अंगठी ग्लासावर. काय हवंय ते माईंनी ओळखायचं. त्यांनी ओळखलं. दोन तुकडे ताटात टाकले.

"माई, इकडे बघा ना," सुनेनं फोन धरला. "चिमटा दिसू दे. हां, हसा! खरंच, जादू आहे तुमच्या हातात."

"माई, तूही घे की," लेक म्हणाला, आणि जाळीवरचा उरलेला तुकडा त्यानं उचलला.

चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडला. भडका उडून माईंच्या मनगटाला झळ लागली. त्यांनी हात मागे घेतला नाही. ताटलीतलं होतं तेवढं कच्चं मांस त्यांनी एकदम जाळीवर ओतलं, चिमटा अप्पांच्या ताटात ठेवला, पर्स उचलली आणि त्या उठल्या.

"कुठं निघालीस? हात धुवायला?"

"जेवायला."

खिडकीजवळ एक टेबल रिकामं होतं. माई तिथं जाऊन बसल्या, त्या तिघांकडे पाठ करून. टेबलाखाली त्यांनी चपला काढल्या. वाढणारी बाई लगबगीनं आली.

"मॅडम, काही चुकलं का आमचं?"

"तुमचं नाही. मला जेवायचंय."

"किती जण?"

"एक."

बाईनं मागच्या टेबलाकडे एकवार पाहिलं.

"इथं कमीत कमी दोघांचं मागवावं लागतं, मॅडम."

"मग दोघांचं आणा. भूक तेवढी आहे."

बाई हसली नाही. तिनं पुसलेलं टेबल पुन्हा पुसलं, निखारे आणवले, वाट्या मांडल्या. मागून आवाज येत होते.

"अरे उलट ते, जळतंय!"

"मला कुठं येतंय, अप्पा?"

"सूनबाई, तू बघ जरा."

"माझ्या ड्रेसवर उडतंय सगळं! बोलवा ना कुणाला तरी."

जळक्या मांसाचा वास खिडकीपर्यंत आला. माईंनी रुमाल मांडीवर पसरला.

बाईनं काप भाजला, उलटला, कात्रीनं कापला. कडेनं तांबूस झालेला एक तुकडा तिनं माईंच्या ताटात ठेवला. त्यातून अजून वाफ निघत होती.

टक टक.

माईंच्या टाचा आपोआप उचलल्या गेल्या. पाय टेबलाखाली चपला चाचपू लागले.

टक टक टक.

चपला सापडल्या. अंगठ्यानं माईंनी आधी एक, मग दुसरी दूर ढकलली, पार भिंतीपर्यंत. मग तुकडा उचलून त्यांनी तसाच तोंडात टाकला. जीभ चांगलीच पोळली. इतकं गरम खायची सवयच नव्हती. डोळ्यांत पाणी आलं.

"मॅडम, जरा निवू द्यायचं होतं," बाई म्हणाली.

माईंनी मान हलवली, घास गिळला आणि ताट पुढे केलं.

"दुसरा वाढा."