खालचा दिवा, वरचा दिवा

समुद्रात अडकलेल्यांना आणायला जे जातात, तेच अडकले तर त्यांना आणायला कोण जाणार?

हे मी दादाला विचारलं होतं. तो लाटेवर डुलत राहिला. माझ्या मालकानेही एकदा आपल्या थोरल्या भावाला हेच विचारलं. "जाळं उचल," एवढंच तो म्हणाला.

मी मासेमारीचा मचवा. तीन माणसांचा, निळ्या पट्ट्याचा. माझं जे काही उरलंय ते बोलतंय. शाळा मला ठाऊक नाही, नीट लावून सांगता येणार नाही. दादा असता तर त्याने सांगितलं असतं.

नॉर्थम्बरलंडच्या किनाऱ्यावर, स्कारहोपमध्ये, म्हाताऱ्या ऑस्विनने आम्हा दोघा मचव्यांना, आधी दादाला मग मला, बांधलं. कागद नाही, माप नाही. एक डोळा मिटायचा आणि फळी वाकवायची. दोघांच्या फळ्या एकाच लार्चच्या खोडातल्या. त्या खोडात एक गाठ होती आणि करवत बरोबर तिच्या मधून गेली. अर्धी गाठ दादाच्या अंगात आली, अर्धी माझ्या.

दादा आधी पाण्यात उतरला. त्याला बार्टलने घेतलं, मला बार्टलच्या धाकट्या भावाने, राल्फने. त्यांची आई थॉमसिन. आमच्याकडे माणसांनी कोरड्या पायांनी मचव्यात चढायचं असतं, म्हणून बायका त्यांना पाठीवर घेऊन पाण्यात शिरतात. बार्टलच्या दाढीत पांढरे केस आले, तरी थॉमसिनच त्याला आणायची.

"काय रे, काल जेवलास की धोंडे गिळलेस?"

"आई, वाढलं कुणी?"

"मग आजपासून उपाशी राहा."

राल्फ खिदळायचा. "तू दात काढू नकोस," ती म्हणायची, "तुला तर मध्येच सोडून देईन." आजवर कुणालाही तिने मध्ये सोडलं नव्हतं.

वाळूच्या कडेला एक शेड, आणि शेडमध्ये लाइफबोट. बुडणाऱ्यांना आणायची गावाची मोठी होडी. तिच्यासाठी वेगळी माणसं नव्हती. आमचीच माणसं. धोक्याचा बार झाला की हातातला घास टाकून धावायची. बार्टल तिचा तांडेल, सुकाणू त्याच्या हाती. म्हणून मी तो प्रश्न विचारला होता.

गावासमोर खडकांची रांग आहे आणि तिला एकच खिंड. वाळूवर एक खांब, मागच्या टेकाडावर दुसरा. समुद्रावरून दोन्ही एकावर एक दिसले की खिंड समोर आहे समजायचं. जरा फाकले की खडक. अंधार पडला की खांबांवर कंदील टांगायचे.

आणखी एक. आम्ही मचवे वाळूला पाठ करून लागतो. त्यामुळे फुटणाऱ्या लाटांच्या अलीकडे गर्रकन वळावं लागतं, आणि वळताना आडवं व्हावं लागतं. तेवढा वेळ आम्ही कुणाचेच नसतो. दादा नेहमी मला आधी आत जाऊ द्यायचा, मग स्वतः वळायचा.

त्या दिवशीही तसंच झालं.

मार्च महिना, सॅमनचा हंगाम नुकता सुरू झालेला. दुपारनंतर ईशान्येकडचं आभाळ काळं झालं. राल्फने जाळं ओढून घेतलं. दादाचं जाळं अजून पाण्यात होतं आणि त्यात मासा नुसता उसळत होता.

"बार्टल! सोड ते, चल!"

"सोड? डोकं फिरलं का तुझं? वर्षभर वाट बघायची ती याचीच ना!"

"कापून टाक जाळं!"

"तू हो पुढे. आईला म्हणावं, चहा ठेव. आणि रडू नकोस, बाळ."

त्याच्या माणसांचं हसू मला ऐकू आलं. दादा हसला नाही. तो जड झाला होता, माशांच्या वजनाने खाली बसला होता. मी हाक मारली. त्याने पुढचं टोक जरा उचललं, जा म्हणाला.

मी आत आलो, वळलो, वाळूला लागलो. आणि मागे पाहिलं तर दादा खिंडीच्या तोंडाशी वळत होता. हळू वळत होता. इतका हळू तो कधीच वळला नव्हता. लाट आली ती त्याच्या कुशीवर.

मला ते सांगता येत नाही. फळ्या तुटल्याचा आवाज मला माणसांच्या आधी कळला, कारण तो माझ्याच लाकडाचा आवाज होता.

बार्टल आणि त्याचे दोघं बाहेरच्या खडकाला चिकटले. लाटा त्यांच्यावरून जात होत्या.

बार झाला. लाइफबोटीपाशी राल्फ आणि माझी दोन माणसं धावली. बाकीचे मचवे दूर उत्तरेच्या खाडीत आसऱ्याला गेले होते. वल्ह्यांवर माणसं नव्हती. मग ज्याला म्हणून वल्हं आठवत होतं, तो प्रत्येक म्हातारा चढला. बायका दोर धरून छातीभर पाण्यात शिरल्या, थॉमसिन सगळ्यांत पुढे. राल्फ तांडेलच्या जागी उभा होता.

"सुकाणू घट्ट धर!" ती ओरडली. "आणि त्याला घेतल्याशिवाय येऊ नकोस!"

मग स्वतःच म्हणाली, "नाही, नाही, ये. तू ये रे."

लाइफबोट खिंडीतून बाहेर पडली तोच बर्फ सुरू झाला. अंधार नेहमीच्या आधी आला. बायकांनी कंदील टांगले, वाऱ्याने विझवले. पुन्हा लावले, पुन्हा विझले. एक काच फुटली. बाहेरून माणसांच्या हाका येत होत्या, कधी डावीकडून, कधी उजवीकडून. लाइफबोटीला खिंड सापडत नव्हती.

तेवढ्यात लाटेने दादाला वाळूवर आणून टाकलं. अर्धा दादा. खालच्या खांबाजवळच.

थॉमसिनने त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"बेला, डांबराचा पिंप आण," ती शेजारणीला म्हणाली. "आणि याला दोर बांधा. टेकाडावर घ्या."

"अगं, हा राल्फचा मचवा! पोट आहे त्याचं. त्याला विचारायला नको?"

"येऊ दे त्याला. मग विचारीन."

मला ओढत नेलं. बायका रडत होत्या, शिव्या देत होत्या आणि ओढत होत्या. वरच्या खांबापाशी मला पुढच्या टोकावर उभं करून दोरांनी खांबाला आवळलं. थॉमसिनने माझ्या अंगावर डांबर ओतलं. तिचा हात जरासा माझ्या फळीवर थांबला, मुलाला पाठीवर घेताना थांबायचा तसा.

मी भ्यालो. खोटं का बोलू? दादा, मी फार भ्यालो.

मी लगेच पेटलो. पण खाली बायकांनी डांबर ओतलं तरी दादा पेटेना. ओला होता, पोटात समुद्र घेऊन पडला होता. माझ्या एकट्या दिव्याने काय होणार? एका दिव्याने खिंड सापडत नाही.

थॉमसिनने कुऱ्हाडीने माझी एक जळती फळी उपटली. गाठीची फळी. ती डोक्यावर धरून टेकाड उतरली, शालीला ठिणग्या लागल्या तरी थांबली नाही. ती फळी तिने दादाच्या पोटात खोचली.

आधी धूर. मग दादा पेटला.

"ए!" समुद्रातून राल्फचा आवाज आला, घसा फाटलेला. "एकावर एक! एकावर एक दिसतात!"

"बार्टल आहे का?" थॉमसिन किंचाळली. वाऱ्याने उत्तर नेलं.

माझे दोर जळत होते. कण्याला तडा गेला होता, वारा मला बाजूला लोटत होता. जरा जरी कललो असतो तर दिवे फाकले असते. खाली दादाच्या बरगड्या लाल झाल्या होत्या. मी त्याच्या बरोबर वर राहिलो. कसा राहिलो, मला माहीत नाही.

लाइफबोटीचा तळ वाळूला घासला. पाण्यात शिरणाऱ्या बायकांचा ओरडा झाला, आणि त्या ओरड्यात कुणीतरी दाढीवाला पोरासारखा "आई" म्हणून रडला.

तोवर मी पडलो नाही.