मानेचं हाड

बालकियानं शिजलेल्या मेंढीचा एक मोठा तुकडा फडक्यात गुंडाळला. परतणाऱ्या पाहुण्यांबरोबर त्यांच्या पोरांसाठी मटण द्यायचंच. कझाक माणूस कुणाला रिकाम्या हातानं पाठवत नाही. तेवढ्यात नवऱ्यानं, दोस्पाननं, मागून तिचं मनगट धरलं.

"गाठोडी बांधू नकोस."

"अहो, पोरं वाट बघत असतील त्यांची."

"नको म्हटलं ना!"

गाठोडी नकोत, म्हणजे पाहुणे परत जाणारच नव्हते. बाहेर लोकरीच्या नमद्यांवर तिचा धाकटा भाऊ येसिरकेप चाळीस माणसं घेऊन समेटाला बसला होता, हत्यारं घरी ठेवून. तीन वर्षांपूर्वी त्याच्याच काराशोकी कुळानं तिचा मुलगा मारला होता. अलीकडे दोस्पाननं सुडाची भाषा सोडली, तेव्हा तिला वेडीला बरं वाटलं होतं. सकाळपासून घरातले तरणे पुरुष टेकडीपलीकडे का गेलेत, ते आता कळलं.

ओरडून सावध करावं, तर दोस्पान सुरा घेऊन भावाशेजारीच बसणार; पहिला घाव त्यालाच. पण अपमान झालेला पाहुणा जेवत नाही, तडक उठतो आणि घोड्याला टाच मारतो. आत्ता उठले तर सुटतील.

मानाच्या पाहुण्याला मेंढीचं डोकं वाढायचं असतं. तिनं ते बाजूला सारलं. गुराख्यापुढे टाकतात ते मानेचं हाड परातीत ठेवलं आणि परात भावापुढे आदळली.

चाळीस माणसं एकदम उभी राहिली.

"ही काय थट्टा लावलीय?" त्यांच्यातला एक म्हातारा गरजला. "चला रे, घोडे सोडा!"

ऊठ रे बाबा, ऊठ, असं ती मनात म्हणत होती.

येसिरकेप हाडाकडे बघत राहिला. मग बहिणीच्या तोंडाकडे. त्याचे डोळे भरून आले.

"बसा रे सगळे," तो म्हणाला. "आपल्यापायी तिचा लेक गेला. तिनं धोंडा वाढला असता तरी मी खाल्ला असता."

"खाऊ नकोस!" बालकिया किंचाळली. "चालता हो इथून. तोंड दाखवू नकोस मला!"

"खाल्ल्याशिवाय नाही जाणार, आक्का."

माणसं कुरकुरत खाली बसली. दोस्पाननं कधी नव्हे ते बायकोकडे कौतुकानं पाहिलं. येसिरकेपनं हाड निगुतीनं सोललं, कणसुद्धा ठेवला नाही, आणि बोटं पुसली.

"झाला का गं राग शांत?"

टेकडीवरून घोडे उतरू लागले होते.