कॅल्शियमच्या दारात ठिय्या

आत्या कामाला होती त्या कुलपांच्या कारखान्याला मालकांनी टाळं ठोकलं, तेही दुसऱ्या कंपनीचं. कामगारांना टाळेबंदीपेक्षा ते जास्त झोंबलं. आत्याने मनात आणलं असतं तर चहा निवायच्या आत ते टाळं केसातल्या पिनेने उघडलं असतं. पण ती म्हणाली, "ज्याने लावलं तोच उघडेल," आणि फाटकासमोर सतरंजी टाकून बसली. बाकीचे तिच्यामागे बसले. ती उठली की सगळे उठणार, हे मालकांनाही ठाऊक होतं.

अडचण एकच, आत्याचं बीपी. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "गोळी घ्या, नाहीतर घरी जा." आत्याने चिठ्ठी माझ्याकडे फेकली, कारण मी औषधशास्त्र शिकतो आणि घरात दुसरं कुणी इतकं रिकामं नव्हतं.

"कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर," मी वाचलं.

"म्हणजे?"

"दार बंद करणारं औषध."

"मग ते मालकाच्या पार्टीचं. नको मला."

मी सतरंजीवरच वर्ग घेतला. रक्तवाहिनीच्या भिंतीत स्नायू असतात. त्यांच्या पेशींना बारीक दारं असतात. त्या दारांतून कॅल्शियम आत घुसतं आणि ओरडतं, आवळा! स्नायू आवळतात, वाट अरुंद होते, रक्ताचा दाब चढतो.

"म्हणजे कॅल्शियम हा सुपरवायझर," आत्या म्हणाली. "आणि माझी हाडं? ती ठिसूळ झाली तर?"

"हाडातलं कॅल्शियम जागच्या जागी राहतं. गोळी फक्त या दारात बसते. बरेचसे सुपरवायझर बाहेर ताटकळतात, स्नायू जरा सैल होतात."

"दारात बसते?"

"ठाण मांडून."

"मग हे आधी सांगायला काय झालं होतं, मेल्या? आपल्यातलीच आहे की ती!" घोटभर पाण्याबरोबर आत्याने गोळीला संघटनेत घेतलं.

दाब उतरला, पण घोटे सुजले. या गोळीने होतं असं कधीकधी, म्हणून डॉक्टरीणबाईंनी मात्रा कमी केली. चपला काही दिवस बाजूलाच राहिल्या. "पाय उठायला तयार नाहीत," आत्या अभिमानाने सांगायची.

मग मालक स्वतःचा डॉक्टर घेऊन आले. "बाई, तब्येतीशी खेळू नका. बीपी मोजून घ्या आणि घरी जा."

डॉक्टरने मोजलं. "नॉर्मल आहे," तो माफी मागितल्यासारखा म्हणाला.

"आता साहेबांचं," आत्या म्हणाली.

मागून टाळ्या पडल्या. नाही म्हणायची सोय राहिली नाही. पट्टा फुगला, आकडा आला, डॉक्टरने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. "साहेब, आधी स्वस्थ बसा. बोलू नका. थोड्या वेळाने परत मोजू."

खुर्च्या आत होत्या. फाटकाला टाळं होतं. आत्याने सरकून जागा केली. मालक सतरंजीवर बसले आणि मागून घोषणा उठली, "मालक आमच्यात आले!"

मालक चुळबुळले. खिशात काहीतरी टोचत होतं. शेवटी त्यांनी किल्ली काढून समोर ठेवली. कुणी तिला हात लावला नाही.

"ती तुम्हीच लावायची, साहेब," आत्या म्हणाली. "सावकाश. आम्ही कुठे उठतोय?"