शार्दूलचं चाक

न्यूझीलंडमधल्या लोअर हटच्या एका गॅरेजमध्ये रविवारी संध्याकाळी मुंगीला शिरायला जागा नव्हती. दाराबाहेर बूट, चपला, सँडल्स यांचा खच पडला होता. आत चार हीटर लावूनही जुलैची, म्हणजे इथल्या भर हिवाळ्याची, थंडी हटत नव्हती. मधोमध चटईवर एक सायकल उलटी, सीट आणि हँडलवर उभी केलेली. पुढच्या चाकाला झेंडूचा हार. चाकाच्या कडेला चारी बाजूंनी नावांच्या चिठ्ठ्या डकवलेल्या आणि खाली, जिथे चाक दोन दांड्यांच्या बेचक्यात शिरतं, तिथे कुंकवाचा टिळा. चाक थांबेल तेव्हा टिळ्यासमोर जी चिठ्ठी येईल, ते शार्दूलचं उत्तर.

शार्दूल म्हणजे मधुकर आणि अनुराधाचा मुलगा. गेल्या हिवाळ्यात रेमुटाकाच्या घाटात सायकलवरून पडला आणि गेला. चोवीस वर्षांचा होता. सायकल त्याची होती, चाक त्याचं होतं, आणि गेला पंधरवडा त्या चाकातून तोच बोलतो असं लोअर हटपासून वेलिंग्टनपर्यंतची अर्धी मराठी मंडळी मानत होती.

हे सांगणारे राजाराम बापू ऑकलंडचे. ईस्ट टामाकीच्या एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवता चालवता त्यांना साक्षात्कार झाला म्हणे. कशाचा, ते त्यांनी कधी नीट सांगितलं नाही, आणि साक्षात्कारी माणसाला उलट विचारायचं नसतं, एवढं शिक्षण आपल्याकडे सगळ्यांचं झालेलं असतं.

बापूंची पत बसली ती सायकल शर्यतीवर. युरोपातली तीन आठवड्यांची, रोज एक स्टेज म्हणजे टप्पा धावायची शर्यत यंदा दोन ऑस्ट्रेलियन गाजवत होते. मॅकलाउड आणि डेव्हनी. आज एकाच्या अंगावर लीडरची जर्सी, उद्या दुसऱ्याच्या. शार्दूल ऑस्ट्रेलियनांचा भक्त. न्यूझीलंडमध्ये राहून ऑस्ट्रेलियाची बाजू घेतो म्हणून मित्र त्याला छळायचे. शर्यत इथल्या मध्यरात्री धावते, म्हणून त्याने घरात नियम घातला होता: दिवसभर निकाल बघायचा नाही, सांगायचा नाही, संध्याकाळी जेवण झाल्यावर सगळ्यांनी मिळून रेकॉर्डिंग बघायचं. तो गेल्यावर त्याच्या आठवणीखातर पंधरा-वीस घरांनी तो नियम सोवळ्यासारखा पाळला. फोनवरच्या बातम्या बंद, ऑफिसात कानावर हात.

संध्याकाळी जेवणाआधी "आज जर्सी कुणाची?" असं विचारून बापू चाक फिरवत. चाक "डेव्हनी" म्हणे. जेवणानंतर टीव्हीवर खरंच डेव्हनी जर्सी घालून हसताना दिसे. अनुराधा टीव्हीकडे बघायची नाही, गॅरेजच्या दाराकडे बघायची. "बघितलंस? त्याला कळतंय अजून," असं ती मधुकरला म्हणाली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर वर्षभराने रंग आला होता. मधुकरला बापूंचा पहिल्या दिवसापासून संशय होता. पण हे खोटं आहे म्हणायचं, तर पोराला तिच्या हातून दुसऱ्यांदा हिसकावून घ्यायचं.

आणि बुधवारी अनुराधाने चाकाला विचारलं, "बाळा, तू कशाने पडलास?" बापूंनी चिठ्ठ्या लावल्या: खडी, ब्रेक, वारा, अक्षत. चाक तीनदा फिरलं. तिन्ही वेळा "अक्षत".

अक्षत शार्दूलचा मित्र. त्या दिवशी घाटात त्याच्याबरोबर तोच होता. वळणावर सुटी खडी होती, दोष कुणाचाच नाही, असा चौकशीचा निकाल लागून गेला होता. शिवाय बापूंना पहिल्याच बैठकीत मोठ्याने हसला होता तोही हाच अक्षत. पण चाक बोललं म्हटल्यावर सगळं संपलं. त्याच्या आईला, सलोनीला, दुकानात बघून बायका वळू लागल्या. अनुराधाने त्याचा फोन घेणं बंद केलं. आज बापूंनी त्याला सगळ्यांसमोर कबुलीसाठी बोलावलं होतं.

तो आला. सुकून गेला होता. दारातच मधुकरचा हात धरून म्हणाला, "काका, मला आता आठवतच नाही नीट. कदाचित मीच आडवा येऊन त्याची लाइन कट केली असेल. चाक सारखं खोटं कशाला बोलेल?"

इतके दिवस आपण बायकोचं दुःख सांभाळतोय असं मधुकरला वाटत होतं. इथे एक धडधाकट पोरगा स्वतःच्या आठवणीवरचा विश्वास घालवून बसला होता.

"आत्मा म्हणजे एनर्जी!" बापू सुरू झाले. "एनर्जी नष्ट होत नाही, हे सायन्सने आत्ता शोधलं, आपल्याकडे आजीबाईंना माहीत होतं! माझ्या हातात काही नाही. मी फक्त सिमकार्ड, नेटवर्क त्यांचं!" माना डोलल्या. कुणीतरी डोळे पुसले. चाक फिरलं, झुलत झुलत मंदावलं आणि थांबलं. अक्षत.

"खाली बस आणि माफी माग," बापू म्हणाले. अक्षत गुडघे टेकायला वाकला.

"वेट," मागून आवाज आला. ओवी पुढे आली. शार्दूलची बहीण. ख्राइस्टचर्चला, रिकार्टनमध्ये राहून शिकते, सुट्टीसाठी कालच घरी आली होती आणि ही बैठक पहिल्यांदाच बघत होती. "मी एकदा फिरवू?"

"कुमारिकेने स्पर्श केला तर आत्मा कोपतो!"

"माझाच भाऊ आहे. तो माझ्यावर रोज कोपायचा."

कुणीतरी फिसकन हसलं. बापू उठू लागले. तेव्हा मधुकर दारापाशी उभा राहून म्हणाला, "फिरव, ओवी." अनुराधाने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याला नजर वळवावी लागली.

ओवीने "अक्षत" चिठ्ठी सोलून चाकाच्या दुसऱ्या बाजूला लावली. रिकाम्या जागी नवी चिठ्ठी चिकटवली, तिच्यावर लिहिलं: राजाराम. चाक फिरवलं. राजाराम. पुन्हा फिरवलं. राजाराम. तिसऱ्यांदा हात लावायच्या आधीच गॅरेजमध्ये कुजबुज सुरू झाली होती. तिसऱ्यांदाही राजाराम.

"या चिठ्ठीच्या जागी हवा भरायचा व्हॉल्व आहे," ती चाकाची कड दाखवत म्हणाली. "ही साइड जड आहे. जड भाग खाली येतो, दॅट्स ऑल. बेअरिंग खूप स्मूद असेल तर दरवेळी येतो. दादा मला असंच चेक करायला शिकवायचा. व्हॉल्व खाली येऊन थांबला, म्हणजे चाक नीट ठेवलंय." तिने चाकावरून हात फिरवला. "त्याने नीट ठेवलं होतं, म्हणून यांची ट्रिक चालली."

"आणि शर्यत?" बापू ओरडले. "तिचं भविष्य कुणी सांगितलं?"

"मग उद्याचं सांगा. ती स्टेज अजून सुरू नाही झाली. आजची तुम्ही सांगता ती आपण झोपलो होतो तेव्हाच संपली. सगळ्या जगाला सकाळी कळलं. आपण सोडून."

निकाल कळू नये म्हणून सगळ्यांनी दिवसभर डोळे झाकले होते, आणि बापूंनी झाकले असतील असं आपणच धरून चाललो होतो, हे एकदम सगळ्यांच्या ध्यानात आलं. बापू "उद्याचं सांगायची आज्ञा नाही" असं पुटपुटत शाल गोळा करू लागले. त्यांना कुणी अडवलं नाही, निरोपही दिला नाही.

अनुराधा चाकापाशी जाऊन बसली. तिने स्वतः ते फिरवलं आणि थांबेपर्यंत बघत राहिली.

"म्हणजे इतके दिवस मी कुणाशी बोलत होते?" ती म्हणाली.

"आई, तो इथे नाहीये," ओवी हळूच म्हणाली.

मधुकरला वाटलं, आता ही कोसळणार आणि पाप आपल्या माथी. अनुराधा उठली ती सरळ अक्षतसमोर जाऊन उभी राहिली. तो मागे सरकला.

"तू होतास ना तिथे," ती म्हणाली. "मी तुला कधी विचारलंच नाही. काय बोलत होता तो?"

अक्षत म्हणाला, "खूप बोलत होता, काकू. पायांची बोटं गारठलीत म्हणाला. खाली उतरल्यावर हॉट चॉकलेट पिऊ म्हणाला. आणि म्हणाला, आई मला अजून मोजे घालायची आठवण करून देते, आणि आजच मी तिचं ऐकलं नाही." तो रडायला लागला. "हसत होता हो तो. मग वळण आलं. मी बराच पुढे होतो काकू, मी पुढे होतो! मला फक्त आवाज आला."

अनुराधाने त्याला जवळ घेतलं.

वर्षभर ती ज्या एका गोष्टीसाठी तडफडत होती, ती सांगणारा माणूस दहा मिनिटांच्या अंतरावर राहत होता, आणि चाकाने त्याचंच तोंड बंद केलं होतं. गेलेल्या माणसाचं काही ऐकायचं असेल, तर त्याच्याबरोबर जे होते त्या जित्या माणसांना विचारा. ते रडतील, अडखळतील, पण खरं तेच सांगतील. चाक फक्त जड बाजूला थांबतं.