मांगूरचा काटा

कुंताबाईने हळद-चुन्याचा गरम लेप नवऱ्याच्या उजव्या हाताच्या सुजलेल्या अंगठ्यावर थापला. बाबूलालने डोळे घट्ट मिटले, पण हात मागे घेतला नाही.

"माय, आता कायले लावून रायली वो? सांजच्या गाडीनं नागपूरले जाचं आहे, उद्या ऑपरेशन आहे," गुंजन म्हणाली.

"मांगूरचा काटा मोडला आहे आत. तो निंगला का सूज उतरते. डॉक्टरले मासोळीतलं काय समजते?"

गुंजन दहावीत होती. तिचं भाषण शाळेबाहेरच्या पानठेल्यापर्यंत ऐकू जाई. घरात मात्र डॉक्टरांचं बोलणं तिच्या तोंडून फुटेना. मागच्या वर्षी बाबांच्या मोठ्या आतड्याचा तुकडा कॅन्सरसकट कापून काढला होता. कॅन्सर गेला म्हणून माय गावभर सांगत सुटली. तो आता अंगठ्याच्या हाडात निघाला. इतक्या आडजागी तो क्वचितच जातो, असं म्हणून डॉक्टर थांबले होते. अंगठा काढावा लागेल. आणखी कुठं गेला असेल, हे विचारायला तिची जीभ रेटली नव्हती.

"लय दुखते का गा, बाबा?"

"मांगूर तसाच होता, बाई. तुमच्या हेडमास्तरसारख्या मिशा होत्या त्याले."

तिला हसू आलं.

पिशवी काढायला ती पडवीत गेली. खुंटीवर बाबांचं अर्धं विणलेलं जाळं होतं. ते बाजूला करताना तिची बोटं गाठींवर थबकली. बाबांची गाठ नेहमी उजवीकडे झुकायची. या साऱ्या डावीकडे झुकल्या होत्या. वरच्या ओळी पोरानं विणल्यासारख्या, सैल, वेड्यावाकड्या. खालच्या मात्र सरळ, घट्ट.

होळीला अंगठा सुजलेला दिसला, तेव्हा बाबांनी मांगूरचं नाव घेतलं. जाळं मात्र त्याच्या दोन महिने आधीचं, संक्रांतीपासूनचं.

तिने वळून पाहिलं. बाबांच्या डाव्या हाताच्या बोटांवर नायलॉनने कापल्याच्या बारीक रेघा होत्या.

"काय पाहून रायली वो तिथं?" माय उठू लागली.

गुंजनने जाळं भराभर गुंडाळलं, गाठी आत घेऊन, आणि पाठीमागे धरलं.

"काही नाही."

बाबूलालने एकदा लेकीकडे पाहिलं. मग अंगठा बायकोपुढे धरला.

"अजून थोडा लाव वो," तो म्हणाला. "काटा खोल आहे."